म्हणे, आरशाला दोष देऊ नका!

आमच्या मामांच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर, बालगंधर्वांचा फोटो आहे. अंगावर भरजरी शालू, नाकात नथ, केसांत गजरा, मान किंचित कललेली. नजर अशी, की समोरच्यानं उगाचच सदऱ्याची बटणं चाचपावीत. हा फोटो मामांच्या वडिलांनी आणलेला. मामांनी आयुष्यात तीन घरं बदलली, पण प्रत्येक घरात पहिला खिळा ठोकला गेला तो याच फोटोसाठी.

परवा माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं केळवण याच खोलीत झालं. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, औक्षण, आग्रह, सगळं यथासांग. तिला उखाणा घ्यायला लावला, तेव्हा सगळे कान देऊन ऐकत होते. नवऱ्या मुलाची पाळी आली तेव्हा त्यानं दोन ओळी अर्धवट म्हटल्या, विसरला, आणि त्या विसरण्याचंच कौतुक झालं. जेवणं आटोपली. पुरुष सोफ्यावर टेकले, बायका खरकटं काढायला आत गेल्या. साडेसातला टीव्ही लागला. मालिकेतली सून हातात आरतीचं तबक धरून सासूची बोलणी ऐकत उभी होती. आमची नवरी सहज म्हणाली, "आजोबा, हिच्या जागी मी असते तर तबक ठेवून खोलीत निघून गेले असते. ही का जात नाही?"

मामा हसले. म्हणाले, "अगं, मालिका म्हणजे आरसा. समाजात जे आहे तेच त्यात दिसतं. आपलं तोंड वाकडं असेल, तर आरशाला कशाला दोष द्यायचा?"

सोफ्यावरच्या सगळ्या माना डोलल्या. केळवणाच्या घरात वाद नको, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. इथे तसं बंधन नाही.

हे वाक्य एकट्या मामांचं असतं, तर लेख लिहायची गरज नव्हती. पण मालिकांचे निर्माते हेच सांगतात, सिनेमावाले हेच सांगतात, जाहिराती करणारे तर याच वाक्यावर जगतात. या एका वाक्याच्या पोटात तीन दावे दडलेले असतात. बाईनं कसं वागायचं आणि पुरुषानं कसं, हे निसर्गानं किंवा संस्कृतीनं आधीच ठरवून ठेवलंय, हा पहिला. पडदा ते फक्त दाखवतो, हा दुसरा. आणि लोकांना तेच बघायचं असतं, हा तिसरा. वर शेवटी एक शेपूट जोडलेलं असतं: 'आणि आता तर काय, सगळंच बदललंय!' मला यातलं काहीच मान्य नाही. का नाही, याचं पहिलं कारण मामांच्या डोक्यावरच टांगलेलं आहे.

नारायण श्रीपाद राजहंस 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, 1913 मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली, आणि पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्राच्या रंगभूमीवर बाई म्हणजे बालगंधर्व असं समीकरण होतं. भामिनी ते, रुक्मिणी ते, सिंधू ते. आता आरशाचा नियम लावून बघू. घराघरांतल्या बायका जशा होत्या तसं बालगंधर्वांनी दाखवलं, एवढंच झालं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. प्रत्यक्षात झालं उलटं. रंगमंचावर त्यांनी साडी जशी नेसली तशी घरंदाज बायका नेसू लागल्या. दागिने त्यांच्यासारखे घडवून घेऊ लागल्या, गजरा त्यांच्यासारखा माळू लागल्या. बाईनं कसं दिसावं, कसं चालावं, कसं लाजावं, याचे धडे एका पुरुषानं दिले आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ते गिरवले. त्यांच्या मुलींनी ते आईकडून उचलले, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत ते 'आपलं पारंपरिक सौंदर्य' झालं. आरशासमोर उभं राहून माणूस भांग पाडतो. आरशाला बघून दागिने घडवत नाही.

सिनेमाची सुरुवातही अशीच. दादासाहेब फाळक्यांना 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चारच वर्षांनी, 1917 च्या 'लंका दहन'मध्ये, याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ज्या जोडप्याच्या नावानं या देशात नवराबायकोचा आदर्श सांगितला जातो, ते जोडपं पडद्यावर एकाच माणसानं उभं केलं, आणि लोकांनी भक्तिभावानं पाहिलं. एकाच देहातून दोन्ही निघू शकतात, तर मग त्यातलं निसर्गानं दिलेलं किती आणि तालमीत बसवलेलं किती?

मराठीत आपण स्त्रीची भूमिका, पुरुषाची भूमिका असं बोलतो. तो शब्द नाटकातलाच आहे. भूमिका म्हटली की संहिता आली, तालीम आली, प्रॉम्प्टर आला, चुकलं तर हसणारे प्रेक्षकही आले. केळवणात उखाणा विसरलेल्या मुलाला टाळ्या मिळाल्या. मुलगी विसरली असती तर 'आईनं काही शिकवलं नाही वाटतं' असं कुणीतरी पुटपुटलंच असतं. हे प्रॉम्प्टिंग रोज चालू असतं. आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रात प्रॉम्प्टरच्या पेटीत कोण बसलंय? नाटक, सिनेमा, आणि आता रोज रात्रीची मालिका.

सिंधूचंच बघा. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगमंचावर आलं. नवरा दारूत बुडालेला, घराची धूळधाण झालेली, लोकांची दळणं दळून मुलाला जगवायची वेळ आलेली, आणि न्यायला आलेल्या भावाला सिंधू सांगते की पतीचे पाय सोडून मी येणार नाही. गडकऱ्यांना दारूचे दुष्परिणाम दाखवायचे होते. नाटक आहे दारूवर. पण घरी जाताना लोकांनी काय नेलं? दारू काही सुटली नाही. सिंधू मात्र घरोघर गेली. 'सिंधूसारखी सोशिक' ही सुनेला द्यायची पावती झाली. दुःखाच्या चित्राचा आदर्श कधी झाला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे एकदाच घडलं असतं तर अपघात म्हटलं असतं. 1984 मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. सामाजिक संदेश देण्यासाठी ठरवून लिहून घेतलेली मालिका, मनोहर श्याम जोशींची लेखणी, आणि भागाच्या शेवटी तात्पर्य सांगायला स्वतः अशोक कुमार. तिच्यातली आई, भागवंती, सगळ्यांची बोलणी खाणारी, कधीच तोंड न उघडणारी. सोसत राहण्यानं बाईचं काय होतं, हे तिच्याकडे बघून कळावं, असा बेत होता. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांचा कानोसा घेतला, तेव्हा दिसलं की अनेकांना, त्यात बायकाही आल्या, भागवंतीच अनुकरणीय वाटली होती. सावध करण्यासाठी लावलेली पाटी लोकांनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. म्हणजे नुसतं दाखवण्यानंही काम होतं, आणि कधीकधी दाखवणाऱ्याच्या मनाविरुद्ध होतं. 'आम्ही तर फक्त दाखवतो' म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता संस्कृतीचा मुद्दा. 'हे आपल्या संस्कृतीतच आहे' असं म्हणणाऱ्याला मी एकच विचारते: कुठली संस्कृती? मराठी मनाच्या सगळ्यात जवळचा देव कोण, तर विठोबा. आणि जनाबाईच्या गोष्टीत तो काय करतो? तिच्याबरोबर जात्याचा खुंटा धरून दळतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो. साक्षात पांडुरंग बायकांची म्हणवली जाणारी कामं करतो, आणि त्यानं त्याचं देवपण कणभरही उणावत नाही. उलट तेच त्याचं मोठेपण. याच विठोबाच्या वारीत पुरुष एकमेकांना 'माऊली' म्हणून हाक मारतात, ज्ञानोबांना आई म्हणतात. पुरुषाला आई म्हणणं हा सर्वोच्च सन्मान मानणारी ही संस्कृती. दरवर्षी आषाढीला तिच्यापुढे डोकं टेकवून आलेला गृहस्थ घरी येऊन चहाचा कप जागच्या जागी सोडून देतो आणि त्यालाही संस्कृतीच म्हणतो! जात्यावरचा विठोबा कुणाच्या का लक्षात राहिला नाही? कारण त्याची मालिका झाली तेव्हा कॅमेरा चमत्कारावर राहिला, पिठावर नाही.

जात्यावरून आठवलं. जात्याला बसून बायकांनी स्वतः रचलेल्या ओव्या गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जमवल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्यात भाऊ आहे, माहेर आहे, विठ्ठल आहे, तसा सासुरवासाचा रोकडा हिशेबही आहे, आणि सीतेला वनात धाडल्याबद्दल बायकांनी मांडलेलं दुःखही आहे. ही लोकसंस्कृती नाही? नक्कीच आहे. फक्त तिला प्रायोजक नव्हता. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, तेव्हा पोथ्यापुराणांबरोबर आपल्या काळच्या गोष्टीवेल्हाळ पुस्तकांचीही त्यांनी सालटी काढली होती: बायका कपटी, बायका चंचल, असं पुन्हापुन्हा रंगवणारे तुम्ही कोण? म्हणजे 'दाखवणाऱ्यांना' जाब विचारणं ही आजच्या शहरी बायकांची टूम नाही. त्याला बरीच वर्षं झाली.

'आपल्या संस्कृती'चा कारखाना कुठे असतो, तेही एकदा बघून घेऊ. 1991 मध्ये 'माहेरची साडी'नं महाराष्ट्र रडवला. मी आईबरोबर गेले होते. तालुक्याच्या थिएटरात पंखे बंद पडलेले, बायका पदरानं वाराही घेत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. परतताना आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आपल्याकडे असंच असतं गं." ते 'आपल्याकडे' माझ्या मनात खोल जाऊन बसलं. बऱ्याच वर्षांनी कळलं की तो सिनेमा एका राजस्थानी सिनेमावरून घेतलेला. अलीकडे घराघरांत पाहिली गेलेली 'आई कुठे काय करते' ही बंगाली 'श्रीमोयी'वरून आली. हिंदीतली 'अनुपमा'ही तिथूनच. मुंबईत, कोलकात्यात, जयपुरात एकच सोसणारी बाई साडीची नेसण बदलून फिरते आणि प्रत्येक गावात 'आपली परंपरा' म्हणून तिची ओटी भरली जाते. यात कथा उसनी घेतल्याचा राग नाही. कथा नेहमीच फिरत आल्या आहेत. पण उसन्या मालावर आजीच्या हातची चव म्हणून चिठ्ठी चिकटवू नका.

आणि आरसाच असेल, तर काळ पुढे सरकला तसं त्यातलं चित्रही सरकायला हवं होतं. प्रभातचा 'कुंकू' 1937 चा. शांताराम बापूंचं दिग्दर्शन, शांता आपटे नायिका. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा साफ सांगते की हा अन्याय मी मानत नाही, आणि अखेरपर्यंत मानत नाही. लोकांनी तो सिनेमा उचलून धरला. चोपन्न वर्षांनी 'माहेरची साडी'ची नायिका आली ती सोसतच. मधल्या काळात मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, बँकांत बसल्या, एसटीत कंडक्टर होण्याच्या वाटेवर आल्या. समाज पुढे गेला आणि आरशातली बाई मागे. असा आरसा दुकानदारानं दिला तर आपण परत नाही करणार?

मग ही सोसणारी बाई पडद्यावरून हटत का नाही? मला यात संस्कृतीपेक्षा धंद्याचं गणित दिसतं. रोजच्या मालिकेला रोज वीस-बावीस मिनिटं भरायची असतात, आठवड्याला पाच-सहा दिवस, वर्षानुवर्षं. सुनेनं पहिल्याच सोमवारी 'हे मला चालणार नाही' म्हटलं, तर मंगळवारी दाखवायचं काय? निर्णय घेणारी बाई मालिकेला परवडत नाही. सहनशक्ती म्हणजे भाग. एक अपमान तीन भाग जातो, एक गैरसमज तीन महिने, आणि एक लपवलेलं पत्र पुढच्या दिवाळीपर्यंत. एखादा प्रश्न नवराबायकोनं समोरासमोर बसून दहा मिनिटांत सोडवला तर सेटवरच्या शंभर माणसांचा रोजगार बुडेल, अशी ही रचना. म्हणून सून खरं कधी बोलत नाही, नवरा नको त्या क्षणी दारात येतो, आणि सासू दाराआडून ऐकते. कारखान्याची गरज आहे, म्हणून बाई सोशिक आहे. ती गरज आपल्याला सद्गुण म्हणून विकली जाते.

त्या मालिकांतले पुरुषही एकदा नीट बघा. सुटाबुटात घरी येतात, कंपनीत काय करतात कुणालाच ठाऊक नसतं, आई आणि बायको यांच्यामध्ये दाराच्या चौकटीत उभे राहतात, आणि जेवून उठताना स्वतःचं ताट कधी उचलत नाहीत. मी मुद्दाम आठवडाभर बघितलं. चार मालिकांत मिळून एका पुरुषानं एकदा पाण्याचा ग्लास स्वतः भरून घेतला, तोही बायको रुसली होती म्हणून, आणि त्याला मागून विनोदी संगीत होतं. पुरुषानं घरकाम केलं की पिपाणी वाजते. मुलं हे सगळं बघतात. ग्लास भरणं हा विनोद असतो, हे त्यांना शब्दांत सांगावं लागत नाही.

टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर'बद्दल बोललं की लोक रागावतात, तरी बोलते. 2004 पासून आदेश बांदेकर दारोदार गेले, वहिनींना खेळवलं, हसवलं, पैठणी दिली. तेवढ्या वेळात घरातली सगळी माणसं गृहिणीभोवती जमायची, तिची आवड विचारायची, नवरा लाजत तिचं कौतुक करायचा. कित्येक बायकांच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस असेल, आणि त्या पैठणीची थट्टा करण्याइतकी मी कोरडी नाही. पण नाव बघा. गृहमंत्री! खऱ्या गृहमंत्र्याच्या हाताखाली पोलीस असतात, अंदाजपत्रक असतं, सहीचा अधिकार असतो. आमच्या वहिनींच्या खात्यात फक्त काम आहे. सातबाऱ्यावर नाव नाही, मोठ्या खर्चाला विचारावं लागतं, आणि राजीनामा द्यायची सोय नाही. बिनअधिकाराच्या खात्याला मोठं नाव देणं ही जुनी राजकीय युक्ती आहे. ती घरातही चालते, एवढंच.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, कारण तो टाळून पुढे गेले तर माझा वाद लंगडा. तो असा की मालिकांनी बायकांचं भलंही केलंय. खरं आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिहार, गोवा, हरियाणा, तामिळनाडू आणि दिल्ली इथली कुटुंबं होती. ज्या खेड्यांत त्या काळात नव्यानं केबल टीव्ही पोचला, तिथे बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट सैलावला, बायकांचं स्वतःच्या मर्जीनं बाहेर जाणं वाढलं. तेही सासू-सुनेच्या मालिकांच्या भर बहरात. पडद्यावरची शहरी बाई सोसत असली तरी ती मोकळ्या घरात राहत होती, शिकलेली होती, गाडीतून फिरत होती, आणि खेड्यातल्या बाईच्या नजरेनं तेवढं बरोबर टिपलं.

हा अभ्यास मालिकांच्या वकिलांनी जरूर पुढे करावा. पण मग त्यांना आरशाचं वाक्य मागे घ्यावं लागेल. टीव्ही आल्यावर माणसं बदलतात, हे मान्य केलं की 'आम्ही फक्त दाखवतो' हे म्हणता येत नाही. चांगलं झालं तर श्रेय आमचं आणि वाईट झालं तर समाजच तसा, असा दुटप्पी हिशेब वाण्याच्या वहीतही चालत नाही.

'लोकांना तेच हवं असतं' हा दावाही असाच. लोकांना 'माहेरची साडी' हवी होती, तसा 'कुंकू'ही हवा होता. 2016 मध्ये 'सैराट'ची आर्ची बुलेटवर बसून आली, ट्रॅक्टर चालवत आली, नजर न झुकवता बोलली. तिच्यासमोर परश्या लाजत होता. थिएटरं ओसंडून वाहिली, शिट्ट्या वाजल्या, आणि त्यात साठीच्या बायकाही होत्या. 2023 मध्ये 'बाईपण भारी देवा'ला नऊवारी नेसून, गॉगल लावून बायकांचे घोळकेच्या घोळके गेले. संसाराला विटलेल्या सहा मध्यमवयीन बहिणींची ती गोष्ट. म्हणजे लोकांना चांगली रंगवलेली गोष्ट हवी असते. रोज वरणभातच वाढायचा आणि 'तुम्हाला वरणभातच आवडतो' म्हणायचं, याला आवडनिवड म्हणत नाहीत.

हे सगळं बायकांपुरतंच आहे, असं समजून सोफ्यावरच्यांनी निवांत होऊ नये. बालगंधर्वांना 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच महाराष्ट्रात गणपत पाटलांनी मराठी सिनेमांत तमाशातला नाच्या जीव ओतून रंगवला, आणि खऱ्या आयुष्यातही त्यांच्याकडे लोक नाच्या म्हणूनच बघू लागले. त्यांच्या पुरुषपणाविषयी कुजबुज झाली, चेष्टा झाली. एका पुरुषानं बाई रंगवली तर शालू, दुसऱ्यानं बायकी पुरुष रंगवला तर शिटी. रवी जाधव यांनी हे दोन्ही ध्रुव लागोपाठ पडद्यावर आणले: 2010 मध्ये 'नटरंग', 2011 मध्ये 'बालगंधर्व'. पैलवानकीचा देह गाळून नाच्या झालेल्या गुणाची गावानं, घरानं केलेली दुर्दशा बघताना मला सारखं वाटत होतं, की बाई होणं आपण माफ करतो, तेही राणी झाला तर. पुरुषानं पुरुष राहून मऊ होणं मात्र माफ नाही. 'मुलीसारखा रडतोस काय' हे वाक्य ऐकत वाढलेल्या माणसाला पुढे रडताही येत नाही आणि बोलताही येत नाही. मग त्याचा राग कुणाच्या तरी पाठीवर निघतो. साचा बायकांना घट्ट बसतो हे खरं, पण पुरुषांनाही तो काही मापात बसत नाही.

राहिलं शेपूट: 'आता सगळं बदललंय.' केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी 2019 मध्ये केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. लक्षात घ्या, घरकाम 'करणाऱ्या' पुरुषाची. मुळात करणारे होते चारात एक. 2024 मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं झाली 289. चला, दहा मिनिटं वाचली. बहुधा पुरुषांनी उचलली असतील, असं वाटून मी पुढचा आकडा पाहिला. पुरुषांची मिनिटं होती 88. त्यांचीही नऊ कमी! मिक्सर, गॅस, नळाचं पाणी, बाहेरून मागवलेलं जेवण यांनी जो काही भार हलका केला असेल, त्यातला आपला वाटा पुरुषांनी चोख घेतला. याला बदल म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

'मग काय, मालिकांवर बंदी घालायची?' हा ठरलेला प्रश्न. नाही. बंदी घालणारे आधी आर्चीला बंद करतात, सासूला नाही, एवढं मला कळतं. माझं मागणं त्याहून खूप साधं आहे. तुम्ही घडवता, एवढं कबूल करा, आणि मग जरा बघून घडवा. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं. एक चित्र. त्याखाली भाषण नाही, तात्पर्य नाही. सात वर्षांचं पोर ते बघतं आणि पान उलटतं, आणि भाजी निवडणं हे त्याच्या डोक्यात बाबांच्याही नावावर जमा होतं. मालिकेतल्या नवऱ्यानंही असंच, महत्त्वाचा संवाद बोलता बोलता, स्वतःचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवावं. पिपाणी न वाजवता. कथेला धक्का लागत नाही, खर्च एक रुपयाचा नाही. असे हजार भाग गेले तर हजारदा ताट उचललं जाईल, आणि तालीम ही अशीच होते.

केळवणाच्या रात्री निघताना मी आत मामींना सांगायला गेले. त्या ओट्याशी उभ्या राहून काचेचे वाडगे पुसत होत्या. बाहेर मामा अजून रंगात होते. बालगंधर्वांची सिंधू त्यांच्या वडिलांनी पाहिली होती, ते वर्णन चाललं होतं, आणि बोलता बोलता मामांचे डोळे भरून आले होते. मी मामींना म्हटलं, "आरशाचं काहीतरी चाललं होतं मघाशी. तुम्हाला काय वाटतं?"

मामींनी वाडगा उजेडाकडे धरून पाहिला. म्हणाल्या, "मला कुठे वेळ आहे गं वाटायला. पण तो फोटो आहे ना, त्याची काच दर शनिवारी मी पुसते, स्टुलावर चढून. गुडघे दुखतात आताशा. तुझ्या मामांना सांग एकदा. तुझं ऐकतील."

मी बाहेर आले. मामांनी डोळे पुसले होते. मी सांगितलं. ते आधी हसले, मग फोटोकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले.